सही सरांची, धीर आपला

पीएच.डी.चा कोणताही मराठी प्रबंध हातात घ्या आणि आधी ‘ऋणनिर्देश’ वाचा. पुढची चारशे पानं नाही वाचली तरी चालतील, कित्येकदा ती परीक्षकांनीही वाचलेली नसतात. पहिल्या परिच्छेदात गुरुवर्य असतात. त्यांच्या कृपाछत्राखाली हे कार्य सिद्धीस गेलेलं असतं आणि त्यांनी आपल्या व्यग्र दिनक्रमातून ‘अमूल्य वेळ’ दिलेला असतो. दुसऱ्या परिच्छेदात गुरुपत्नी येतात, त्यांनी वेळोवेळी आईच्या मायेनं चहा दिलेला असतो. मग संस्थाचालक, प्राचार्य आणि ग्रंथपाल. त्यानंतर घरची मंडळी. बाईचा प्रबंध असेल तर यजमानांनी ‘परवानगी दिली’ आणि सासूबाईंनी लेकरू सांभाळलं. पुरुषाचा असेल तर पत्नीने ‘सहन केलं’. सगळ्यात शेवटी टायपिंग करणारा मुलगा, तोही ‘अल्पावधीत’.

यात कोण नसतं ते पाहा. वसतिगृहातल्या खोलीत रात्री दोन वाजता ‘अगं, तुझं तिसरं प्रकरण चांगलं झालंय, फाडू नकोस’ असं सांगणारी मैत्रीण त्यात नसते. ज्या बाईंनी कॉलेजच्या जिन्यात उभं राहून प्रश्नावली तपासून दिली त्याही नसतात, कारण त्या तासिका तत्त्वावर असतात आणि त्यांचं नाव लिहिलेलं गाइडला आवडत नाही. आणि ज्यांच्या आयुष्यावर हा सगळा डोलारा उभा आहे त्या बायका? त्या ‘उत्तरदाते’ होऊन परिशिष्टात गेलेल्या असतात.

ऋणनिर्देशाची ही भाषा केवळ रीत म्हणून सोडून देता येत नाही. ज्या कामाचा पगार मिळतो त्या कामाला कृपा म्हणायचं, ही ती भाषा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाला 6 आणि सहायक प्राध्यापकाला 4 पीएच.डी.चे विद्यार्थी घेता येतात. विद्यार्थ्याने पदवी मिळवली की गाइडला पदोन्नतीच्या हिशेबात गुण मिळतात. 2018 च्या नियमावलीत दर पदवीमागे 10 गुण आहेत. म्हणजे तिचा प्रबंध पुरा होणं ही सरांचीही गरज आहे. पण सरांच्या दाराबाहेर फाइल छातीशी धरून दीड तास उभ्या असलेल्या मुलीला हे कुणी सांगत नाही. तिला वाटतं, आपण काहीतरी मागायला आलो आहोत.

आता या मागण्याचा हिशेब करू. विषय मंजूर व्हायला आराखड्यावर गाइडची सही लागते. दर सहामाहीला प्रगती अहवाल द्यायचा, त्यावर सही लागते. अधिछात्रवृत्ती असेल तर हजेरीचा आणि कामाचा दाखला संस्थेकडून वर जावा लागतो, तिथेही सही. क्षेत्रकार्याला बाहेरगावी जायचं तर पत्र लागतं. प्रबंध सादर करताना हे काम माझ्या देखरेखीखाली झालं, असं प्रमाणपत्र लागतं. बाहेरचे परीक्षक ठरतात तेव्हाही गाइडचा शब्द चालतो. आणि गाइड बदलायचा म्हटलं तर अनेक ठिकाणी आधीच्याच गाइडचं ना-हरकत पत्र आणायला सांगतात! नवऱ्यापासून सुटायला नवऱ्याचीच परवानगी आणायची, असा हा न्याय. आपल्या केंद्रांवर येणाऱ्या बायकांना तो नवा नाही.

पाच-सहा वर्षं एका माणसाच्या सहीवर मुलीचं पोट, नाव आणि पुढची नोकरी टांगलेली राहते. या सहीच्या बदल्यात काय काय करून घेतलं जातं हे कुणाला ठाऊक नाही? उत्तरपत्रिका तपासून घ्यायच्या, सरांच्या पुस्तकाची मुद्रितं वाचून घ्यायची, त्यांच्या मुलीचा गणिताचा अभ्यास घ्यायला लावायचा, चर्चासत्राला पाहुण्यांच्या जेवणाच्या पंगती वाढायला लावायच्या. मुलगे स्टेशनवर पाहुणे आणायला जातात, मुली ओवाळायला आणि पुष्पगुच्छ द्यायला उभ्या राहतात. मौखिक परीक्षेच्या दिवशीचं जेवण, शाली आणि भेटवस्तू कुणाच्या खिशातून जातात हे विचारायचं नसतं. हे सगळं ‘आपलेपणा’त मोडतं. आणि आपलेपणाची हद्द कुठे संपली आणि हात कुठे खांद्यावरून खाली आला, हे तिने कसं सिद्ध करायचं?

इथे मला आपल्याच बायकांशी भांडायचं आहे. कारण या मुलीला धीर देणाऱ्या बहुधा आपणच असतो. विभागातल्या ज्येष्ठ बाई असतात, आधी डिग्री मिळवून बाहेर पडलेली ताई असते, कधीकधी संघटनेतली कार्यकर्तीही असते. आणि आपण काय सांगतो? ‘अगं, सगळ्यांच्या वाट्याला येतं. दोनच वर्षं राहिलीत. गप्प बस, डिग्री हातात पडू दे, मग बोल.’ ‘त्यांचा स्वभावच तसा आहे, तू एकटी भेटायला जाऊ नकोस, म्हणजे झालं.’ ‘तोंड उघडलंस तर दुसरा गाइड मिळणार नाही.’

मैत्रिणींनो, हीच वाक्यं आपण आणखी कुठे ऐकली आहेत? माहेरी परत आलेल्या मुलीला तिची मावशी जे सांगते तेच हे आहे. थोडं सोसून घे, मूल झालं की सुधारेल. तिथे आपण मावशीला थांबवतो. सोसायला सांगणं म्हणजे आधार नव्हे, हे आपण पन्नास वर्षं वस्त्यावस्त्यांतून सांगत आलो. विद्यापीठाच्या कमानीतून आत शिरलो की मात्र आपली जीभ मावशीची होते. मुलीचा जीव वाचावा म्हणूनच आपण तसं बोलतो, हे खरं. मावशीचाही हेतू वाईट नसतो.

धीर देऊ नये असं मी म्हणत नाही. संशोधन करणाऱ्या मुलीला धीर लागतोच आणि तो भरपूर लागतो. पहिल्या पिढीत शिकलेली मुलगी, जिच्या घरात पाठ्यपुस्तकांखेरीज पुस्तक नाही, तिने दोनशे पानं स्वतःच्या बुद्धीने लिहायची ही साधी गोष्ट नव्हे. विषय निवडताना ती घाबरते. इंग्रजीतले लेख समोर आले की घाबरते. मराठीत प्रबंध लिहिला तर तो हलका समजतील म्हणून घाबरते, आणि इंग्रजीत लिहायला गेली की आपलं म्हणणं आपल्यालाच ओळखू येत नाही म्हणून रडते. आता तर रात्री-अपरात्री मोबाइलमधल्या यंत्राला विचारतात, ‘माझा विषय बरोबर आहे का?’ यंत्र गोड बोलतं, छान विषय आहे म्हणतं. यंत्राला हसण्याआधी हा प्रश्न तिने यंत्राला का विचारला, याचं उत्तर विभागाने द्यावं. सहा महिन्यांत तिला तो विचारायला एकही माणूस मिळाला नाही!

म्हणून दोन प्रकारचे धीर वेगळे ओळखायला हवेत. ‘तू जे पाहिलंस ते खरं आहे, ते लिही, मी वाचते’ हा एक. ‘तू जे सोसते आहेस ते चालायचंच’ हा दुसरा. पहिल्याने मुलीची पानं वाढतात. दुसऱ्याने फक्त सरांची सोय होते.

अशा वेळी आपल्याला थोर स्त्रियांच्या गोष्टी सांगायची फार हौस. कमला सोहोनींची गोष्ट दर 8 मार्चला कुणीतरी सांगतंच. तेव्हाच्या कमला भागवत. मुंबई विद्यापीठातून उत्तम गुणांनी बी.एस्सी. झाल्या आणि 1933 साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन, नोबेल मिळालेले. त्यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई जाऊन ठाण मांडून बसल्या, कारण विचारलं, तेव्हा एक वर्ष पारखून घेण्याच्या अटीवर घेतलं. त्यांच्या असण्याने पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये, हीही त्यातली एक अट होती. पुढे त्यांनी केंब्रिजहून 1939 मध्ये पीएच.डी. मिळवली. ही गोष्ट ‘जिद्द असेल तर काय होत नाही’ म्हणून सांगितली जाते. मला त्यातून दुसरंच काही दिसतं. दार अडवणारा माणूस जगातल्या सर्वांत बुद्धिमान लोकांपैकी एक होता. बुद्धीने माणूस न्यायी होतो, ही समजूत तिथेच मोडते. आणि दुसरं, आत गेल्यावर त्यांना श्रीनिवासय्या नावाचे शिक्षक भेटले. शिस्तीचे कडक, पण शिकवणारे. ते भेटले नसते तर? जिद्द तेवढीच राहिली असती आणि गोष्ट मात्र आज कुणी सांगितली नसती. एका मुलीचं संशोधन एका भल्या माणसाच्या भेटण्यावर अवलंबून असणं ही प्रेरक कथा कशी काय होते?

इरावती कर्व्यांचं उदाहरण तर अधिक बोलकं आहे आणि ते कमी सांगितलं जातं. 1928 साली त्या बर्लिनला गेल्या. मार्गदर्शक होते ऑइगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वाचा सिद्धान्त मांडणारे, पुढे नाझींना ज्यांच्या विचारांचा उपयोग झाला असे. इरावतीबाईंना काम दिलं कवट्या मोजण्याचं. गोऱ्या वंशाच्या कवटीची ठेवण वेगळी आणि म्हणून बुद्धी श्रेष्ठ, हे त्या मोजमापातून निघावं ही गाइडची अपेक्षा. इरावतीबाईंनी 149 कवट्या मोजल्या. वंशाचा आणि कवटीच्या असमानतेचा संबंध दिसत नाही, असं त्यांना आढळलं. आणि त्यांनी तसं लिहिलं. परक्या देशात, परक्या भाषेत, ज्याच्या हातात पदवी आहे त्याच्या म्हणण्याविरुद्ध. 1930 मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. आज आपल्या एखाद्या जिल्ह्याच्या कॉलेजातली मुलगी ‘सर, माझ्या मुलाखतींतून तुम्ही म्हणता तसं निघत नाही’ एवढं वाक्य उच्चारू शकते का? ती सांख्यिकीचा तक्ता बदलते. गृहीतक ‘सिद्ध’ होतं. आपल्या विद्यापीठांत गृहीतकं कशी नेहमी सिद्धच होतात याचं कुणाला आश्चर्य वाटत नाही, याचंच मला आश्चर्य वाटतं.

विद्यापीठाच्या पुष्कळ आधी, 1855 साली, फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता या मातंग मुलीने निबंध लिहिला. मांग-महारांच्या दुःखाविषयी. तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. शाळकरी पोरीने स्वतःच्या जातीच्या जगण्याबद्दल पुरावा मांडावा, प्रश्न विचारावेत, हेही संशोधनच होतं. आणि तिच्यामागे कोण होतं? तुझ्या घरात जे घडतं ते लिहिण्याजोगं आहे, असं मानणारे सावित्रीबाई आणि जोतीराव. मार्गदर्शन म्हणतात ते हे. नंतरचं उदाहरण घ्या. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास कुणी लिहिला? मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी. गावोगाव, वस्तीवस्तीत हिंडून वृद्ध कार्यकर्त्या शोधल्या, त्यांच्या तोंडून ऐकलं आणि 1989 मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक आलं. ते कुणाच्या पीएच.डी.चा प्रबंध नव्हतं. आज त्या पुस्तकाचे संदर्भ देऊन इतर लोक डॉक्टर होतात.

आता आपल्या दारात येणाऱ्या मुलींबद्दल. ज्या ज्या संघटनेचं सल्ला केंद्र आहे तिथे जून ते मार्च या मुली येतात. समाजकार्याच्या, समाजशास्त्राच्या, बी.एड.च्या, अलीकडे विधी महाविद्यालयांच्याही. हातात कॉलेजचं पत्र आणि झेरॉक्स केलेली प्रश्नावली. ‘मॅडम, मला पन्नास पीडित महिला पाहिजेत. शनिवारपर्यंत.’ प्रश्न क्रमांक 14 : आपले पती आपणांस मारहाण करतात काय? होय / नाही / कधीकधी. प्रश्न 15 : होय असल्यास कारणे. आणि पुढे चार रकाने, त्यातला पहिला ‘पत्नीची चूक’!

आपल्या कार्यकर्त्या चिडतात. चिडणं योग्यच आहे. बाई आत ओक्साबोक्शी रडत असते आणि बाहेर ही मुलगी घड्याळ बघते. मुलाखती घेऊन जातात, पुन्हा तोंड दाखवत नाहीत. प्रबंधाची प्रत येत नाही. अनेक केंद्रांनी आता नियमच केला आहे, विद्यार्थ्यांना प्रवेश नाही. मला हा नियम मान्य नाही. प्रश्न 14 तिने लिहिला असेल, पण तो मंजूर कुणी केला? सही कुणाची आहे? ज्याने आयुष्यात एकही पोलीस चौकी आतून पाहिलेली नाही, अशा माणसाने ‘कौटुंबिक हिंसाचारग्रस्त स्त्रियांच्या समस्यांचा चिकित्सक अभ्यास, विशेष संदर्भ अमुक तालुका’ या विषयाला मंजुरी दिली आणि पोरीला आपल्या दारात पाठवलं. आपण तिच्यावर दार लावलं की ती जाते कुठे? कॉलेजशेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात. तिथे तयार प्रकल्प मिळतो, नाव बदलून. पन्नास बायकांची उत्तरं घरी बसून भरली जातात. त्यातून टक्केवारी निघते. ती टक्केवारी पुढे कुठल्या तरी परिषदेत वाचली जाते आणि वर्तमानपत्रात छापून आल्यावर आपणच तिच्यावर संतापतो.

आमच्या केंद्रावर अशीच एक मुलगी आली होती. तिला पन्नास बायका दिल्या नाहीत, बसायला खुर्ची दिली. दोन महिने दर बुधवारी येऊन बस, नोंदवहीत तारीख घाल, फोन घे, पोलीस चौकीत सोबत जा, प्रश्न विचारू नकोस. तिसऱ्या बुधवारी तिने आपणहून प्रश्नावली पिशवीत टाकली. तिच्या लक्षात आलं होतं की मार खाल्ला का, हे विचारायचं कारणच नाही, तो खाल्ला म्हणूनच बाई इथे आली आहे. तिने वेगळाच प्रश्न धरला. त्या रात्री बाईला दार कुणी उघडलं? शेजारणीने, भावाने, रिक्षावाल्याने की कुणीच नाही? त्या एका प्रश्नावर तिने बावीस बायकांशी बोलून जे लिहिलं ते आमच्या कामाला उपयोगी पडलं. शेजारणींच्या बैठका घ्यायच्या हे आम्ही त्यानंतर ठरवलं. तिच्या विभागात मात्र ‘नमुना अपुरा’ असा शेरा मिळाला.

आणखी एक गोष्ट, जी विभागांना सुचतही नाही. बावीस बायकांचं ऐकून ही मुलगी झोपेनाशी झाली. बाविसातल्या तीन बायका तिला तिच्या आईसारख्या वाटल्या. ते तिने कुणाला सांगायचं? आपल्या कार्यकर्त्या निदान आठवड्याला एकमेकींपाशी मोकळ्या होतात. विद्यार्थिनीला हिंसेवर, बलात्कारावर, कुंटणखान्यावर काम करायला पाठवणारा विभाग तिची झोप उडेल हे गृहीतच धरत नाही. हिंसेचा विषय घेणारी मुलगी बहुधा उगाच तो घेत नाही, हेही नव्हे.

काही मैत्रिणी म्हणतील, अगं, आता कायदे आहेत. आहेत ना. 1997 चा विशाखा निकाल आहे, 2013 चा कायदा आहे. डिसेंबर 2012 नंतर अनुदान आयोगाने कृतिगट नेमला, त्याचा ‘सक्षम’ अहवाल 2013 मध्ये आला. त्यानंतर 2015 ची नियमावली आली, खास उच्च शिक्षणसंस्थांसाठी. तीत स्पष्ट लिहिलं आहे की संशोधक विद्यार्थी विशेष असुरक्षित असतात आणि म्हणून संशोधन-मार्गदर्शनाची नीतितत्त्वं प्रत्येक संस्थेने तयार करून अमलात आणली पाहिजेत. ही नीतितत्त्वं तुमच्या कॉलेजच्या कुठल्या फलकावर पाहिलीत? त्याच नियमावलीप्रमाणे अंतर्गत समितीत, प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर, पदवी, पदव्युत्तर आणि संशोधक अशा तीन स्तरांवरचे तीन विद्यार्थी निवडून आलेले असायला हवेत. निवडून! पुष्कळ ठिकाणी प्राचार्य नावं घालतात आणि मुलींना आपण समितीवर आहोत हे नॅकची भेट आली की कळतं.

आणि या समितीवर एक सदस्य बाहेरची असते, स्वयंसेवी संस्थेतली. म्हणजे आपल्यातली कुणीतरी. हा अंक वाचणाऱ्यांपैकी किती जणी अशा समित्यांवर आहात, मोजा. वर्षाला एक बैठक, चहा, ‘एकही तक्रार नाही’ असा अहवाल, त्यावर सही. तक्रार नाही याचा अर्थ त्रास नाही असा होत नाही, हे वस्तीतल्या बाईबद्दल आपण लगेच ओळखतो. समितीच्या टेबलाशी बसल्यावर ते का विसरतो? पुढच्या बैठकीत अहवालावर सही करण्याआधी एवढंच विचारा : मार्गदर्शनाच्या नीतितत्त्वांचा कागद दाखवा. गाइड बदलण्याची पद्धत काय आहे, ती दाखवा. गेल्या पाच वर्षांत किती मुलींनी पीएच.डी. अर्धवट सोडली आणि प्रत्येकीचं कारण कुणी विचारलं, ते सांगा.

बाकीचेही नियम मुलींच्या बाजूने आहेत, पण कपाटात. पीएच.डी.ची मुदत सहा वर्षं, पुनर्नोंदणी करून आणखी दोन, आणि स्त्रियांना त्याहून दोन वर्षं अधिक. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा. लग्नामुळे किंवा आणखी कशामुळे मुलगी दुसऱ्या गावी गेली तर तिचं आजवरचं काम दुसऱ्या विद्यापीठात नेता येतं, फक्त ते गाइडच्या अनुदानित प्रकल्पातलं नसावं. हे 2016 पासून लिहिलेलं आहे, 2022 च्या नियमांतही कायम आहे. तरी आजही मुली सांगतात की ‘लग्न ठरलंय तर नोंदणी रद्द कर’ असं त्यांना सांगण्यात आलं. सहामाहीला एकदा सल्लागार समितीपुढे कामाची मांडणी करायची असते, म्हणजे एकट्या गाइडखेरीज आणखी माणसं तिचं काम पाहतात. ही एकच तरतूद नीट चालली तरी बंद खोलीची निम्मी दहशत जाईल. चालते कशी? गाइडच दोन मित्रांच्या सह्या घेऊन येतो.

2022 च्या नियमांनी एम.फिल. बंदच करून टाकलं. छोटं काम करून, पाय रोवून मग पुढे जावं, ही पायरी गेली. मुस्लिम आणि इतर अल्पसंख्य मुलींना आधार असलेली मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये बंद केल्याचं सांगितलं. 2023 मध्ये बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधक विद्यार्थी आठवडेच्या आठवडे मुंबईला आझाद मैदानावर बसले होते, त्यात मुलीही होत्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएच.डी. करून ही मुलं काय दिवे लावणार, असा सवाल केला. सभागृहात हे बोललं जातं तेव्हा विभागातला गाइडही ऐकत असतो, आणि घरात तिचा बापही.

जातीचं नाव न घेता ही चर्चा पुरी होत नाही. ज्या मुलीला घरून पैसे येतात, जिचा मामा संस्थेवर आहे, तिच्याकडे गाइड सांभाळून बोलतो. दलित, आदिवासी, भटक्या समाजातली मुलगी आली की ‘तुम्हाला काय, सवलती आहेत’ इथून सुरुवात. मे 2019 मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणारी आदिवासी मुलगी. वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून छळल्याचा आरोप तिच्या कुटुंबाने केला, खटला उभा राहिला. तिची आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला, या दोघींनी मिळून त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की शिक्षणसंस्थांतल्या जातिभेदाविरुद्ध यंत्रणा हवी. दोन आयांना कोर्टात जावं लागलं! एवढ्या समित्या, एवढे अधिष्ठाते, एवढे विद्यार्थी-कल्याण कक्ष असताना.

‘चांगले गाइडही असतात’ हे मला लेख छापून आल्यावर पत्राने कळवू नका, आधीच मान्य करते. असतात. स्त्री-अभ्यास केंद्रांतून असे शिक्षक आपण पाहिले आहेत. नीरा देसाईंनी 1974 मध्ये एस.एन.डी.टी.त संशोधन केंद्र उभं केलं तेव्हा चळवळ आणि वर्गखोली यांत भिंत ठेवली नाही. पुण्यात शर्मिला रेगे यांनी मराठी माध्यमातून, खेड्यातून, दलित-बहुजन घरांतून आलेल्या मुलामुलींना ‘तुम्ही कमी पडता’ असं न म्हणता अभ्यासक्रमच त्यांच्या भाषेत आणण्याची खटपट केली. 2013 मध्ये त्या अकाली गेल्या. या दोघींनी केलं ते व्यवस्थेला कायमचं करता आलं असतं. झालं उलटंच. 2017 मध्ये या केंद्रांचं अनुदान पुढे चालेल की नाही यासाठी देशभरातल्या केंद्रांना जागं राहावं लागलं. कॉलेजांत जागा भरल्या जात नाहीत, तासिका तत्त्वावर बायका शिकवतात, आणि नियमाप्रमाणे पूर्णवेळ, नियमित शिक्षकालाच गाइड होता येतं. म्हणजे जी बाई मुलींना खरोखर वेळ देते तिला सहीचा अधिकार नाही, आणि ज्याला सही आहे त्याला वेळ नाही. तिच्या फुकटच्या कष्टावर त्याचे 10 गुण उभे. स्त्रियांच्या अदृश्य श्रमांवर आपण इतकं लिहिलं, हे श्रम कुठल्या रकान्यात घालणार?

आणि बाई गाइड असली की प्रश्न मिटला असंही कुणी समजू नये. ‘आम्ही नाही सोसलं?’ म्हणून त्याच चरकातून मुलीला काढणाऱ्या बायका आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. सासू-सुनेचं भांडण म्हणून ते हसण्यावारी नेऊ नका. सहीची सत्ता जशीच्या तशी ठेवून फक्त सही करणारा हात बदलला, तर असंच होणार.

आपल्या संघटनांनी काय करायचं? विद्यापीठाचं काम फुकटात अंगावर घ्यायचं नाही, हे आधी स्पष्ट असू दे. मुलीला आपल्याकडे पाठवणाऱ्या विभागाने पत्र देताना त्यावर गाइडने एकदा केंद्रावर येऊन बसावं, ही अट घाला. आमच्याकडे दोघे आले, एकाने परत जाऊन प्रश्नावली रद्द केली. मुलीकडून लेखी घ्या की काम झाल्यावर मराठीत दोन-चार पानं काढून ज्या बायकांशी बोलली त्यांच्यासमोर ती वाचून दाखवेल. एवढं कबूल करणारी मुलगी नुसते रकाने भरायला येत नाही. महिन्यातून एक संध्याकाळ संशोधन करणाऱ्या मुलींसाठी मोकळी ठेवा. कुठल्याही विषयाची असो, रसायनशास्त्राची असली तरी येऊ दे. दोन पानं लिहून आणायची, मोठ्याने वाचायची, बाकीच्यांनी ऐकायची. तिथे गाइडची तक्रार निघाली तर ती कुजबुजीत राहू द्यायची नाही. तारीख, वेळ, काय म्हणाला, कोण हजर होतं, हे त्याच रात्री वहीत उतरवायला शिकवायचं. तीन महिन्यांच्या आत समितीकडे तक्रार करता येते हे सांगायचं. सोबत कोण जाणार ते तिथेच ठरवायचं. हे काम आपल्याला नवीन नाही. आजवर ते पोलीस ठाण्याच्या बाकावर केलं, आता विभागप्रमुखाच्या खोलीबाहेरच्या बाकावर करायचं आहे.

पुढचा अंक याच विषयावर करायचा विचार आहे. आपापल्या गावातल्या कॉलेजात आणि विद्यापीठ विभागात जाऊन तीन गोष्टी विचारा आणि मिळालेलं उत्तर, किंवा उत्तर द्यायला नकार, जसाच्या तसा कळवा. मार्गदर्शनाची नीतितत्त्वं लेखी आहेत का? अंतर्गत समितीवरचे विद्यार्थी शेवटचे कधी निवडून आले? आणि गाइड बदलायला गाइडचीच सही लागते का? जिथे लागते त्या विद्यापीठांची नावं आपण छापणार आहोत.